संगणकावर रुग्णाची नोंद ठेवताना या चुका टाळा

अ‍ॅलर्जी नुसती नोटमध्ये लिहून सोडणं ही सगळ्यात घातक चूक. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात औषध शोधून निवडायचा कंटाळा येतो, म्हणून नवे डॉक्टर हिस्टरीत एक ओळ टाकून मोकळे होतात. पण औषधाची ऑर्डर आली की बहुतेक सॉफ्टवेअर फक्त रकान्यातली यादी तपासतं, हिस्टरी वाचत नाही.

आमच्या वॉर्डात न्यूमोनियाचे एक आजोबा होते. नोटमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, ‘पेनिसिलिनने अंगावर गांधी, ओठ सुजले.’ रकान्यात मात्र ‘अ‍ॅलर्जी नाही’ला टिक. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची ऑर्डर पडली. औषध पेनिसिलिनच्याच कुळातलं, तरी इशारा आला नाही. फार्मसीनेही तोच रकाना पाहून इंजेक्शन वर पाठवलं. सिस्टरने सुई लावण्याआधी विचारलं, “आजोबा, आधी कुठल्या औषधाचा त्रास झालाय का?” आणि अनर्थ टळला. सॉफ्टवेअरवर लाखो खर्चून शेवटी त्या सिस्टरच्या सवयीने माणूस वाचला, याचा मला आजही राग येतो.

मी औषध, झालेला त्रास आणि साधारण कधी झाला, हे तिन्ही रकान्यातच भरते. रुग्णाला विचारल्याशिवाय ‘अ‍ॅलर्जी नाही’ला हात लावू नका, रिकामा रकाना पुढच्याला निदान विचारायला तरी लावतो. गोळीने नुसतं मळमळलं तर ते दुष्परिणामात नोंदवा. त्याची अ‍ॅलर्जी केलीत की फुकाचे इशारे वाढतात, लोक न वाचता पुढे जातात आणि त्यात खरा इशाराही निसटतो.

दुसरा माझा वैताग म्हणजे कॉपी-पेस्ट. कालची नोट आज चिकटवली की ‘कॅथेटर (शरीरात घातलेली नळी), दुसरा दिवस’ हे पाचव्या दिवशीही तसंच राहतं. कॅथेटर जितके दिवस आत, तितका संसर्गाचा धोका जास्त; पण कागदोपत्री दिवस पुढे सरकतच नाही, मग काढायची आठवण कोणाला होणार? जुनी हिस्टरी खुशाल उचला. आजची तपासणी आणि आजचा प्लॅन हाताने टाइप करा. दोन मिनिटं लागतात, आणि ती नसतील तर राउंड नीट झालेला नाही.

औषध देताना बारकोड रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीवरच स्कॅन करा. त्याच बारकोडचं जादा स्टिकर काउंटरवर चिकटवून तिथेच स्कॅन केलंत, तर औषध कोणाला गेलं हे यंत्राला कळणारच नाही.

दुसऱ्याच्या लॉगिनवर ऑर्डर टाकू नका. एका वेळी एकाच रुग्णाची फाइल उघडा. मुलांचं वजन किलोतच भरा. पौंडाचा आकडा किलो म्हणून गेला तर डोस दुपटीहून जास्त होतो. ‘5.0’ लिहू नका, टिंब दिसलं नाही की 50 होतात, ‘5’ लिहा. आणि ‘.5’ नको, ‘0.5’ लिहा.

सिस्टम बंद पडेल तेव्हासाठी छापील औषध-तक्ते वॉर्डातच ठेवा. ती सुरू झाली की दिलेला प्रत्येक डोस वेळेसकट आधी चढवा, मगच नवी ऑर्डर घ्या. नाहीतर पुढच्या पाळीची सिस्टर तोच डोस पुन्हा देईल.