इंटरफेरॉनवर काम सुरू करताय? आधी आपल्या सेल्स ओळखा

इंटरफेरॉन म्हणजे व्हायरस आल्यावर सेल सोडते ते इशारा देणारं प्रोटीन. मी लॅबमध्ये आलो तेव्हा त्याच्या पाथवेचं, म्हणजे सेलमधल्या सिग्नलच्या साखळीचं, मोठं चित्र प्रिंट काढून टेबलासमोर चिकटवलं होतं आणि बाण पाठ करत बसलो होतो, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. नंतर एकच धागा पकडला तेव्हा डोक्यात शिरलं. व्हायरसचा आरएनए सेलमध्ये आला की आरआयजी-आय किंवा एमडीए५ हे सेन्सर प्रोटीन त्याला पकडतं, ते मायटोकॉन्ड्रियावर बसलेल्या मॅव्हस या प्रोटीनला जागं करतं, तिथून टीबीके१ हे एन्झाइम जागं होतं, मग टीबीके१ आयआरएफ३ या प्रोटीनला फॉस्फेट लावतं आणि आयआरएफ३ न्यूक्लियसमध्ये जाऊन इंटरफेरॉन बीटाचं जीन चालू करतं. हा झाला पहिला अर्धा भाग. बाहेर पडलेलं इंटरफेरॉन शेजारच्या सेलच्या रिसेप्टरला चिकटलं की जॅक-स्टॅट ही सिग्नलची साखळी सुरू होते आणि शेकडो अँटीव्हायरल जीन्स चालू होतात, हा दुसरा. हे दोन भाग वेगळे ठेवा बाबांनो, निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

व्हेरो सेल्सच (माकडाच्या किडनीपासूनची सेल लाइन) बघा ना, त्यांच्यात इंटरफेरॉन बनवायची जीन्सच गायब आहेत, पण बाहेरून इंटरफेरॉन घातलं तर प्रतिसाद छान देतात.

आता माझी फजिती. डीएनए घालून स्टिंग पाथवे बघायचा होता (यात सीगॅस हा सेन्सर डीएनए ओळखतो आणि स्टिंग प्रोटीनला जागं करतो), सेल्स घेतल्या २९३टी ही माणसाची सेल लाइन, कारण फ्रीझरमध्ये त्याच होत्या आणि ट्रान्सफेक्शन, म्हणजे सेलच्या आत डीएनए किंवा आरएनए पोचवणं, सोपं. दोन महिने सिग्नल शून्य, मी अँटीबॉडीला शिव्या घालतोय, शेवटी एका सिनियरने सहज विचारलं, अरे यांच्यात सीगॅस आणि स्टिंग जवळजवळ नसतातच, माहितीये ना? नव्हतं माहिती. तेव्हापासून कुठलीही सेल लाइन घेताना तिच्यात काय नाही हे आधी शोधतो.

पॉली आयसीचंही (व्हायरसच्या आरएनएची नक्कल करणारा कृत्रिम आरएनए) तसंच, नुसतं मीडियममध्ये टाकलं तर मुख्यतः टीएलआर३ या वेगळ्या सेन्सरकडे जातं, ट्रान्सफेक्ट केलं तर आरआयजी-आय आणि एमडीए५ कडे. पदार्थ तोच, पण प्रश्न वेगळा होतो, त्यामुळे नोटबुकमध्ये नुसतं 'पॉली आयसी दिलं' असं लिहू नका, कसं दिलं तेही लिहा.

फॉस्फो ब्लॉट (फॉस्फेट लागलेलं प्रोटीन अँटीबॉडीने बघणं) करताना सेल्स फोडायच्या लायसिस बफरमध्ये फॉस्फेटेज इनहिबिटर ताजं घाला, सेल्स बर्फावरच ठेवा, आणि ब्लॉकिंगला दुधाऐवजी बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) वापरा, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन असल्याने बॅकग्राउंड वाढू शकतो. आणि एकाच वेळेचं सॅम्पल घेऊन 'काही झालं नाही' म्हणू नका. इंटरफेरॉन घातल्यावर स्टॅट१ अर्ध्या तासात फॉस्फोरिलेट झालेलं दिसतं, व्हायरस घातला तर आयआरएफ३ साठी काही तास थांबावं लागतं. मी आता टाइम कोर्सच्या ट्यूब्जवर आदल्या रात्रीच नावं घालून ठेवतो, सकाळी घाईत ६ आणि ९ तासांची अदलाबदल एकदा झालीये.