मृगात कॅक्टस आणू नका, आणि बाकीच्या चुका

ऑगस्ट उजाडला की फोन सुरू होतात. "काकू, कॅक्टस पिवळा पडलाय, ऊन जास्त लागलं का हो?" ऑगस्टात, इंदुरात, ऊन! आठ-आठ दिवस झड लागलेली असते, घरात कपडे वाळत नाहीत, आणि झाडाला म्हणे ऊन लागलं. मी उलट एकच विचारते, "कुंडी उचलून बघ, जड लागते का?" पलीकडून उत्तर येत नाही, म्हणजे लागते.

आपल्याकडे कॅक्टस तहानेनं मरत नाही, मुळाशी साचलेल्या ओलीनं मरतो. एरवी माळव्याची हवा या झाडांना मुंबईपेक्षा बरी. ही झाडं आपली छिद्रं दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, कारण दिवसा उघडली तर साठवलेलं पाणी उडून जाईल. म्हणून त्यांना रात्रीचा गारवा मानवतो, आणि 'शब-ए-मालवा', म्हणजे माळव्याची रात्र, असं काही उगाच म्हणत नाहीत. अडचण आहे ती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची. नवशिके खरेदी करतात ती नेमकी याच चार महिन्यांत. बाहेर सगळं हिरवंगार झालं की यांचे हात शिवशिवतात.

पावसाळ्याच्या तोंडावर खरेदी

माझ्या नणंदेचा मुलगा विजय नगरला सातव्या मजल्यावर राहतो. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि त्याच आठवड्यात त्यानं कुरिअरनं खोकंभर कॅक्टस मागवले. झाडं उत्तम होती, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली, मुळं उघडी. अशी मुळं प्रवासात थोडीफार तुटतातच. त्या जखमा वाळायला वेळ द्यावा लागतो. यानं त्याच संध्याकाळी ती चकचकीत चिनी मातीच्या, तळाला भोक नसलेल्या कपांत लावली, पिशवीतला तयार कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरला आणि "प्रवासातून थकून आलीत" म्हणून पाणी घातलं. पुढच्या पंधरवड्यात फोन आला, "मामी, एक मऊ लागतोय."

गेले. बाल्कनीत पाऊस येतच नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पावसाची गरजच काय होती? कपात तळं होतंच. त्यातलं एक जिम्नोकॅलिशियम, म्हणजे चेंडूसारखा गोल कॅक्टस, वरून ठणठणीत दिसत होतं. कागदाची घडी करून धरलं, तर सहज हातात आलं. खाली मूळ म्हणून काही उरलंच नव्हतं, नुसता तपकिरी लगदा आणि सडक्या बटाट्यासारखा वास.

सुरी स्पिरिटनं पुसली आणि खालून एक चकती कापली. कॅक्टसच्या गाभ्यात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचं एक गोल कडं असतं, ते सगळं तांबूस झालं होतं. सुरी पुसून दुसरी चकती काढली. आता कडं पांढरं, पण एका बाजूला मोहरीएवढा केशरी ठिपका. भाचा म्हणाला, "एवढासाच तर आहे, मामी, राहू दे ना." झाडं जातात ती या 'एवढासाच'मुळे. तो ठिपका ठेवला की सड पुन्हा वर चढते. सुरी पुन्हा पुसून आणखी एक चकती काढली, तेव्हा कुठे काप स्वच्छ दिसला. उरलं ते लिंबाएवढं. कापाला बुरशीनाशकाची कोरडी पूड लावली आणि सावलीत, वाऱ्याच्या जागी, कागदावर ठेवायला सांगितलं. काप टणक वाळेपर्यंत, म्हणजे पावसाळी हवेत दोन-तीन आठवडे, माती नाही आणि पाणी नाही. मग कोरड्या चुरीवर नुसतं टेकवून ठेवायचं. त्या लिंबानं मुळं धरली. खोक्यातली बाकीची बहुतेक गेली.

तेव्हा खरेदी दसऱ्यानंतर, फार तर फेब्रुवारीपर्यंत. उघड्या मुळांचं झाड आलं की ते आठवडाभर सावलीत पसरून ठेवायचं, कोरड्या मिश्रणात लावायचं आणि आणखी चार-सहा दिवसांनी पहिलं पाणी. एवढा धीर नसेल तर मनीप्लांट लावा, छान वाढतो.

माती

आपली काळी माती कापसाला आणि सोयाबीनला लखलाभ. ती भिजली की फुगते आणि दिवसेंदिवस ओली राहते. सुकली की आक्रसून भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात. "थोडीशी घातली तर?" नाही, थोडीशीही नाही.

माझं मिश्रण असं: एक भाग चाळलेलं जुनं पानांचं किंवा शेणखत आणि तीन ते चार भाग खरखरीत माल. त्यात नर्मदेची जाडी रेती, बांधकामाची बारीक चुरी, विटांचे तुकडे, जे मिळेल ते. रेती आणि चुरी चहाच्या जुन्या गाळणीतून चाळायची. गाळणीत राहील ते ठेवायचं, खाली पडेल ते टाकायचं. लोक नेमकं उलटं करतात, मऊ मऊ चाळ कुंडीत भरतात आणि खडे फेकून देतात. नंतर धुऊन भुकटी काढायची. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण महागड्या पिशवीवर 'कॅक्टस मिक्स' छापलेलं असलं तरी आत हात घालून बघा, बरेचदा कोकोपीटच निघतो.

नर्सरीतून आणलेल्या झाडाच्या मुळांभोवती कोकोपीटचा घट्ट गड्डा असतो. त्याच्यासकट नव्या कुंडीत लावू नका. तो एकदा पुरता सुकला की पाणी आत घेत नाही आणि भिजला की सोडत नाही. मी झाड कोरडं झाल्यावर जुन्या टूथब्रशनं तो हलकेच मोकळा करते. तेव्हाच मुळांवर पांढरी पिठाळ कीड दिसली तर मुळं धुऊन, वाळवून, मगच लावते.

आणि तळाशी खड्यांचा थर देऊ नका. त्यानं निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी वरचा थर पूर्ण भिजेपर्यंत खाली खड्यांत उतरतच नाही, त्यामुळे ओल उलट मुळांच्या जवळ येऊन थांबते. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे.

पाणी

"दीदी, हफ्ते में दो ढक्कन पानी, बस," असं सांगून नर्सरीवाले भैया मोकळे होतात. दोन झाकणांनी वरचा थर ओला होतो आणि खालची मुळं वाळून जातात. द्यायचं तर भोकातून वाहीपर्यंत द्या, आणि मग कुंडी पार हलकी होईपर्यंत हात लावू नका. वार ठरवून पाणी घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडली की माझे कॅक्टस जवळजवळ कोरडेच असतात. अडेनियम, म्हणजे फुगीर बुंध्याचं फुलझाड, त्याची पानं तेव्हा गळतात. ते झोपलंय. "बिचारं सुकलं" म्हणून पाणी घालाल तर फुगीर बुंधा सडेल.

पावसाळ्यात वर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक हवं, बाजू उघड्या. हिरवी जाळी पाऊस अडवत नाही, हे सांगावं लागतं याचं दर वर्षी नवल वाटतं. "सैलान्याच्या राजवाड्यातले कॅक्टस तर उघड्यावरच आहेत की," असं रतलामकडून फिरून आलेले ऐकवतात. जमिनीत रुजलेलं मोठं झाड आणि तीन इंची कुंडीतलं पिल्लू यांची बरोबरी कशी करता?

उरलेलं झटपट

एप्रिल-मे: दिवाणखान्यातलं झाड उचलून थेट गच्चीच्या उन्हात ठेवू नका. भाजल्याचा डाग कायमचा राहतो. निम्मं ऊन अडवणारी जाळी लावा.

अंधारात लांबुडकी झालेली मान पुन्हा जाड होत नाही.

लाल-पिवळी टोपीवाला कलमी कॅक्टस: टोपीत हरितद्रव्यच नसतं, ती खालच्या हिरव्या खुंटावर जगते. फार वर्षांची अपेक्षा ठेवू नका. फूल गोंदानं चिकटवलेलं असेल तर विकत घेऊच नका.

थोर आणि त्याच्या जातभाईंचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. छाटणीनंतर आधी हात धुवा.

कापसासारखी कीड दिसली की स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस लावून पुसा, आणि झाड दोन दिवस सावलीत ठेवा.

फुलासारख्या रचलेल्या मांसल पानांच्या इचेव्हेरियाचे गुलाबी फोटो बघून भुलू नका. ती मेक्सिकोच्या थंड डोंगरांवरची झाडं. मे महिन्याची होरपळ आणि मग पावसाळी दमटपणा, यांतून निघणारी थोडीच. सुरुवात हावर्थिया, गॅस्टेरिया, जेड या मांसल पानांच्या झाडांपासून करा. कॅक्टसमध्ये मॅमिलारिया आणि जिम्नोकॅलिशियम घ्या. पहिल्या वर्षी पाच-सहा कुंड्या पुरेत. त्या एका पावसाळ्यातून निघाल्या तर पुढची खरेदी.