माकड, बिशप आणि 38 वर्षांनंतरची आठवण: विज्ञानातले जुने वाद वाचताना या चुका टाळा

उत्क्रांतीवर काहीही वाचायला घ्या, ऑक्सफर्डचा किस्सा येतोच. 30 जून 1860, डार्विनच्या उत्क्रांतीच्या सिद्धांतावर वाद चाललेला, आणि त्याला विरोध करणाऱ्या बिशप विल्बरफोर्सने डार्विनची बाजू घेणाऱ्या जीवशास्त्रज्ञ हक्स्लीला भर सभेत विचारलं की तुम्ही माकडाचे वंशज ते आजोबांकडून की आजीकडून, आणि हक्स्लीच्या एका उत्तरात बिशप गार. मी स्वतः कित्येक वर्षं हे असंच सांगत आलो, म्हणून कळकळीनं लिहितोय.

पहिली चूक, लिहिलं कधी ते न बघणं. त्या भाषणांची शब्दशः नोंद नाहीच. आपल्याला माहितीये तो रंगलेला किस्सा बराचसा मॅकमिलन्स मॅगझिन या इंग्रजी मासिकात ऑक्टोबर 1898 ला छापलेल्या एका बाईंच्या आठवणीतला, म्हणजे तोवर हक्स्ली आणि बिशप दोघंही वारलेले आणि डार्विनचं नाव जगभर झालेलं.

आणि ‘चार पुस्तकांत आहे’ म्हणून विश्वास ठेवू नका. 1900 मध्ये हक्स्लीच्या मुलाने वडिलांच्या चरित्रात हीच आठवण घेतली, पुढे कितीही जणांनी तिथून उचलली तरी साक्षीदार एकच राहतो ना.

मग लोक उलट टोकाला जातात, सगळी दंतकथाच म्हणतात. तसंही नाही. हक्स्लीचं सप्टेंबर 1860 चं पत्र आहे, त्यात माकड आहे! पण नीट वाचा: गंभीर चर्चेत टवाळी आणणाऱ्या हुशार माणसापेक्षा आजोबा म्हणून माकड बरं, असं तो लिहितो. 1898 च्या आठवणीत टवाळी गेली आणि बिशपचा गुन्हा झाला सत्य झाकणं. वाक्य ओळखीचंच, पण आरोप केवढा मोठा झाला बघा.

सगळ्यात फसवणारी चूक मात्र वेगळीच, ती म्हणजे लगेच लिहिलं म्हणून ते खरं. डार्विन तब्येतीमुळे तिथे नव्हता, त्याला त्याचा मित्र, सभेत त्याच्या बाजूने बोललेला वनस्पतिशास्त्रज्ञ हुकर, याने दोनच दिवसांत, 2 जुलैला कळवलं की हक्स्ली बोलला चांगला पण एवढ्या गर्दीत त्याचा आवाज पोचला नाही, बिशपला लोळवलं ते मी. हक्स्लीच्या पत्रात पुढचे चोवीस तास ऑक्सफर्डमध्ये सगळ्यात लोकप्रिय माणूस तो स्वतः. त्यामुळे तारखेच्या शेजारी हेही लिहून ठेवा की सांगणारा कोणत्या बाजूचा आणि स्वतःला कुठे उभं करतोय, आणि मग हरलेल्याचं पत्र शोधाच. बिशपचंही आहे, 3 जुलैचं, त्यात तो मित्राला सांगतो की हक्स्लीशी बराच वेळ जुंपली, मला वाटतं मी त्याला पुरता हरवला.