लिंक भलत्याच ब्राउझरमध्ये उघडते? आधी ती कुठून निघाली ते बघा

डिफॉल्ट ब्राउझर फायरफॉक्स केलेला आहे, सेटिंग्जमध्ये तसं दिसतंही, तरी टास्कबारवरच्या शोधपट्टीतल्या निकालावर क्लिक केलं की एज, म्हणजे विंडोजबरोबर येणारा मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, उघडतो. मग पुन्हा सेटिंग्जमध्ये जायचं, पुन्हा फायरफॉक्स निवडायचा, फारच वैताग आला तर ब्राउझर काढून परत टाकायचा. यातल्या कशानेच काही होत नाही, कारण सेटिंग मुळात बिघडलेली नसते. डिफॉल्ट ब्राउझर म्हणजे सिस्टीमकडे असलेली एक नोंद: एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता आला तर तो कोणाच्या हवाली करायचा. जे सॉफ्टवेअर सिस्टीमला विचारतं, त्यालाच ती लागू होते. जे विचारतच नाही, त्याच्यासाठी ती दहा वेळा बदलली तरी फरक शून्य.

न विचारण्याच्या तऱ्हा तीन. काही प्रोग्रॅम थेट ठरावीक ब्राउझरची फाइल नाव घेऊन चालवतात. काही पत्त्याला असा उपसर्ग लावतात की तो एकाच ब्राउझरला कळेल. आणि काही, विशेषतः फोनवरची ॲप्स, पान स्वतःच्याच खिडकीत उघडून मोकळी होतात. तिन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून आधी दोष कोणाचा ते ठरवा.

एका मिनिटाची चाचणी

विंडोजवर विंडोज कळ आणि आर एकत्र दाबा. रनची छोटी खिडकी उघडेल. त्यात एचटीटीपीएस, दोन टिंबं, दोन तिरप्या रेघा आणि पुढे एग्झाम्पल डॉट कॉम असा पूर्ण पत्ता इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर द्या. रन हे काम सरळ सिस्टीमकडे सोपवतं. तुमचा ब्राउझर उघडला तर तुमची सेटिंग ठीक आहे आणि दोष त्या सॉफ्टवेअरचा. दुसराच उघडला तर सेटिंग अर्धवट आहे.

फोनवर आणि मॅकवर हीच चाचणी नोट्समध्ये करा: पत्ता लिहा आणि त्यावर टिचकी मारा. साइट मात्र अशी निवडा जिचं ॲप फोनवर नाही. नाहीतर ॲपच लिंक पकडेल आणि निष्कर्ष चुकेल.

विंडोजवर सेटिंग अर्धवट असेल तर

सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, मग यादीतून तुमचा ब्राउझर. वर ‘सेट डिफॉल्ट’ बटण दिसेल. विंडोज 11 ऑक्टोबर 2021 मध्ये आलं तेव्हा हे बटण नव्हतंच, प्रत्येक प्रकार वेगळा बदलावा लागे. मार्च 2022 च्या अपडेटने ते आलं. बटण दाबल्यावर खालच्या यादीत चार ओळी डोळ्यांनी तपासा: एचटीटीपी, एचटीटीपीएस, डॉट एचटीएम आणि डॉट एचटीएमएल. पहिल्या दोन इंटरनेटवरच्या पत्त्यांसाठी असतात, नंतरच्या दोन डिस्कवर साठवलेल्या पानांसाठी. त्यामुळे ‘वेबसाइट बरोबर उघडते, पण डेस्कटॉपवरची एचटीएमएल फाइल एजमध्ये जाते’ अशी तक्रार असेल तर शेवटच्या दोन ओळींकडे बघा. पीडीएफची ओळ वेगळी असते, ती हाताने बदला.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, जाऊन ही नोंद बदलण्याचे सल्ले जागोजाग मिळतात. तसं करू नका. विंडोज 8 पासून निवडलेल्या ब्राउझरच्या नावाशेजारी एक हॅश, म्हणजे त्या नोंदीवरून काढलेली पडताळणीची खूण, साठवलेला असतो. नाव बदललं आणि हॅश जुळला नाही की विंडोज ती निवड अवैध धरतं आणि ‘ॲप डिफॉल्ट वॉज रीसेट’ अशी सूचना देऊन मूळ पदावर येतं. 2024 पासून तर या नोंदींवर पहारा ठेवणारा वेगळा ड्रायव्हरही आला आहे. सेटिंग्जची खिडकी हाच खात्रीचा रस्ता.

शोधपट्टी, विजेट्स आणि एजचा उपसर्ग

चाचणी पास झाली आणि तरी शोधपट्टीतून किंवा विजेट्समधून एज उघडतो, तर पुढचं डोळ्यांनी बघता येतं. आधी एज खरोखर बंद करा. खिडकी बंद केली तरी तो मागे चालू राहतो. म्हणून एजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम अँड परफॉर्मन्स’खालचा ‘स्टार्टअप बूस्ट’ आणि एज बंद असताना मागे काम चालू ठेवण्याचा पर्याय दोन्ही बंद करा. हे टाळलं तर नवी लिंक आधीच चालू असलेल्या एजकडे जाते आणि हाती काहीच लागत नाही. मग टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’ पानावर स्तंभांच्या शीर्षकावर उजवं क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा स्तंभ जोडा. आता शोधपट्टीतल्या वेब-निकालावर क्लिक करा आणि एजच्या ओळींमधली जिच्यात त्या पानाचा पत्ता आहे ती कमांड वाचा. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत नाही. पुढे ‘मायक्रोसॉफ्ट-एज’ आणि दोन टिंबं असतात आणि खरा पत्ता त्याच्या पोटात टक्क्याच्या चिन्हांनी गुंडाळलेला असतो. एचटीटीपीएसची नोंद या पत्त्याला लागूच होत नाही.

हा उपसर्ग पकडून पत्ता सोडवणारं एजडिफ्लेक्टर नावाचं छोटं साधन 2017 मध्ये आलं होतं. इतर कोणत्याही ॲपसारखं ते स्वतःला या उपसर्गाचा हाताळणारा म्हणून नोंदवत असे. नोव्हेंबर 2021 मध्ये विंडोज 11 च्या चाचणी आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ती वाटच बंद केली. त्यामुळे जुन्या लेखांमधला तो उपाय आता चालत नाही.

आज दोन मार्ग उरतात. पहिला, आणि आमच्या मते बहुतेकांना पुरेसा, म्हणजे या लिंका जिथून निघतात ती ठिकाणंच बंद करणं. विजेट्ससाठी सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, आणि तिथे विजेट्स बंद. शोधपट्टीतले वेब-निकाल घालवायला रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एचकी करंट युझर’खाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एक्सप्लोरर असं उतरत जा. ‘एक्सप्लोरर’ नसेल तर तयार करा. तिथे ‘डिसेबल सर्च बॉक्स सजेशन्स’ या नावाचं, इंग्रजी अक्षरांत आणि शब्दांमध्ये जागा न सोडता, 32 बिटचं डीवर्ड (संख्येच्या प्रकारचं) मूल्य बनवा, किंमत 1 ठेवा आणि संगणक पुन्हा सुरू करा. (वर रजिस्ट्रीला हात लावू नका म्हटलं ते ब्राउझरच्या नोंदीबद्दल. ही पॉलिसीची, म्हणजे सिस्टीमवर नियम घालण्याची, जागा आहे, इथे हॅशची भानगड नाही.) शोधपट्टी मग फक्त तुमच्या फाइली आणि प्रोग्रॅम दाखवते, आणि लवकर दाखवते.

दुसरा मार्ग एमएसएज-रीडायरेक्टचा. हे मुक्त-स्रोत साधन एज कोणत्या कमांडने सुरू होतोय ते बघतं आणि उपसर्ग असेल तर आतला पत्ता काढून तुमच्या ब्राउझरला देतं. त्याच्या ‘ॲक्टिव्ह’ पद्धतीला ॲडमिनचे अधिकार लागतात, कारण एज सुरू व्हायच्या आधीच ती मध्ये पडते. ‘सर्व्हिस’ पद्धत मागे चालत राहून लक्ष ठेवते. तोटेही लक्षात घ्या. एका प्रोग्रॅमच्या जागी दुसरा चालवण्याची ही युक्ती व्हायरसही वापरतात, त्यामुळे अँटिव्हायरस कधीकधी ओरडतो. विंडोज किंवा एजच्या मोठ्या अपडेटनंतर ते थांबलं तर नवी आवृत्ती येईपर्यंत वाट बघावी लागते. विकासकाच्या मूळ गिटहब पानाशिवाय दुसरीकडून घेऊ नका.

एजच उडवून टाकायचा मोह आवरा. युरोपीय आर्थिक क्षेत्रात डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे एज रीतसर काढता येतो. बाकी ठिकाणी जबरदस्तीने काढला तर उपसर्गवाल्या लिंकांना उघडायला कोणीच उरत नाही, आणि अपडेटबरोबर एज बहुधा परततोच.

आउटलुक, टीम्स आणि जुने प्रोग्रॅम

आउटलुक आणि टीम्स यांची स्वतःची वेगळी निवड असते. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे ‘ओपन हायपरलिंक्स फ्रॉम आउटलुक इन’ ही ओळ शोधा आणि ‘डिफॉल्ट ब्राउझर’ निवडा. टीम्समध्ये सेटिंग्जमधलं ‘फाइल्स अँड लिंक्स’ हे पान बघा. कामाच्या संगणकावर हे पर्याय राखाडी दिसत असतील तर ते संस्थेच्या ॲडमिनने पॉलिसीतून बांधलेले आहेत. तिथे डोकं आपटण्यापेक्षा त्याला गाठा.

जुन्या हिशेबाच्या किंवा नोंदणीच्या प्रोग्रॅममधून ‘मदत’ दाबल्यावर एज उघडत असेल तर बहुधा त्यात इंटरनेट एक्सप्लोरर या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझरचं नाव कायमचं कोरलेलं असतं. एक्सप्लोररचा पाठिंबा 15 जून 2022 ला संपला आणि विंडोज 10 वर तो फेब्रुवारी 2023 मध्ये एजच्या अपडेटने कायमचा बंद केला. त्याला मारलेली हाक आता एजकडे जाते. प्रोग्रॅमच्या पर्यायांत ब्राउझरचा मार्ग भरायची जागा असेल तर तिथे तुमच्या ब्राउझरच्या फाइलचा पूर्ण मार्ग द्या. जागा नसेल तर नवी आवृत्ती मागण्याखेरीज इलाज नाही.

फोनवर: खिडकी कोणाची ते ओळखा

अँड्रॉइडवर ॲपच्या आत पान उघडण्याचे दोन प्रकार सारखेच दिसतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कस्टम टॅब म्हणजे तुमच्या ब्राउझरचंच पान, ॲपच्या रंगाची टोपी घालून. कुकीज, लॉगिन, साठवलेले पासवर्ड सगळं ब्राउझरचंच असतं. वेबव्ह्यू म्हणजे ॲपची स्वतःची खिडकी. तिच्या कुकीज वेगळ्या, आणि त्या पानात ॲपला स्वतःचा कोड घुसवता येतो. ओळखायचं असं: ब्राउझरमध्ये जिथे तुमचं लॉगिन चालू आहे अशा साइटची लिंक ॲपमधून उघडा. साइटने ओळखलं तर कस्टम टॅब, पुन्हा नाव-पासवर्ड मागितला तर जवळजवळ नक्की वेबव्ह्यू. अशा खिडकीत पासवर्ड टाकू नका. गूगल तर वेबव्ह्यूमधून लॉगिन करूच देत नाही, 403 क्रमांकाची त्रुटी दाखवतं. ‘गूगलने साइन इन करा’ दाबल्यावर ती आली तर खातं बिघडलेलं नाही, फक्त खिडकी चुकीची आहे. तीन ठिपक्यांच्या मेनूतून पान बाहेरच्या ब्राउझरमध्ये न्या.

दरवेळी तीन ठिपके दाबायचे नसतील तर ॲपमध्येच स्विच शोधा. नावं आणि जागा आवृत्तीगणिक थोड्या सरकतात, पण साधारण अशी: फेसबुकमध्ये सेटिंग्जमधल्या ‘मीडिया’खाली ‘ओपन लिंक्स एक्स्टर्नली’, अँड्रॉइडवरच्या जीमेलमध्ये ‘जनरल सेटिंग्ज’मध्ये ‘ओपन वेब लिंक्स इन जीमेल’, ते बंद करा, टेलिग्राममध्ये चॅट सेटिंग्जमध्ये ‘इन-ॲप ब्राउझर’, तेही बंद करा.

आयफोनवर 2020 च्या आयओएस 14 पासून डिफॉल्ट ब्राउझर बदलता येतो. पण कित्येक ॲप्स पान दाखवायला ॲपलने दिलेली सफारीची तयार खिडकी वापरतात. ती नेहमी सफारीचीच राहते, तुमची निवड काहीही असो. शिवाय आयओएस 11 पासून तिच्या कुकीज मुख्य सफारीपासूनही वेगळ्या आहेत, म्हणून सफारीतलं लॉगिनसुद्धा तिथे दिसत नाही. ॲपमध्ये पर्याय नसेल तर लिंक दाबून धरा, कॉपी करा आणि आपल्या ब्राउझरमध्ये चिकटवा. कटकटीचं आहे, पण चालतं.

पर्यायच नसेल तर बनवणाऱ्याला नेमकं काय लिहायचं

‘लिंक चुकीच्या ब्राउझरमध्ये उघडते’ एवढंच लिहिलं तर ‘डिफॉल्ट सेटिंग तपासा’ असं छापील उत्तर येतं. त्यापेक्षा रनची किंवा नोट्सची चाचणी पास झाल्याचं पहिल्याच ओळीत सांगा. मग कोणत्या पडद्यावरच्या कोणत्या बटणाने लिंक उघडली, सिस्टीमची आणि प्रोग्रॅमची आवृत्ती कोणती ते लिहा. विंडोज असेल तर टास्क मॅनेजरमधली ती कमांड लाइन जशीच्या तशी जोडा. आणि मागणी स्पष्ट ठेवा: विंडोजवर ब्राउझरच्या फाइलचं नाव न घेता पत्ता शेल-एक्झिक्यूटकडे (डिफॉल्ट प्रोग्रॅम उघडून देणारी विंडोजची सोय) द्यावा, अँड्रॉइडवर ‘व्ह्यू’ इंटेंटमध्ये (पत्ता उघडण्याची सिस्टीमला केलेली विनंती) कोणत्याही पॅकेजचं, म्हणजे ठरावीक ॲपचं, नाव बांधू नये. बहुतेक वेळा ही एखाद्या ओळीची दुरुस्ती असते, आणि ओळ कुठली ते हाताशी असलं की ती करायला कोणी फारसे आढेवेढे घेत नाही.