पाण्यात ब्लूटूथ चालत नाही: पळायला आणि पोहायला बोन कंडक्शन हेडफोन घेताना

"ताई, हे वॉटरप्रूफ आहे ना?" छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटजवळ मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर बसलं की हा प्रश्न रोजचा. पळताना आणि पोहताना, दोन्हीकडे चालेल असा हेडफोन हवा असेल तर हा प्रश्न दुसऱ्या नंबरला ठेवा. आधी विचारा, गाणी भरायची कुठे? हेडफोनच्या आत जागा आहे, की फोन सोबत लागणारच?

कारण ब्लूटूथच्या लहरी असतात २.४ गिगाहर्ट्झच्या आणि पाणी त्या शोषून घेतं. काही सेंटिमीटर पाणी मध्ये आलं की संपलं. फोन तलावाच्या काठावर ठेवून उतरलात तर डोकं वर असेपर्यंत गाणं वाजतं, तोंड पाण्यात घातलं की बंद. आणि फ्रीस्टाइलमध्ये तोंड बहुतेक वेळ पाण्यातच असतं. ब्लूटूथ ५.३ असो नाहीतर आणखी नवं, त्यानं काही बदलत नाही. खोक्यावर 'एमपी३ मोड' आणि अमुक इतके जीबी असं लिहिलेलं नसेल, तर तो हेडफोन कितीही पाणी सोसत असला तरी पोहण्याच्या कामाचा नाही.

मी सकाळी विद्यापीठाच्या आवारात पळते आणि उन्हाळ्यात तलावावर बायकांच्या बॅचला जाते. त्यामुळे खालचं सगळं त्या दोन कामांपुरतं. नुसतं फोनवर बोलायला हवा असेल तर एवढा खर्च करू नका.

खरंच हाडातून वाजतो का, ते दुकानातच बघा

बोन कंडक्शन म्हणजे कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर दोन गोट्या टेकतात. त्या थरथरतात आणि ती थरथर कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानापर्यंत जाते. कानाचं भोक मोकळंच राहतं. भाजलेले फुटाणे चावताना जो कुडुम-कुडुम आवाज आपल्याला मोठा ऐकू येतो आणि शेजारच्याला जेमतेम, तो याच वाटेनं येतो.

आता बाजारात गोंधळ असा आहे की 'ओपन इअर' नावाचे हेडफोन हुबेहूब असेच दिसतात. तीच मानेमागची पट्टी, तीच ठेवण. पण त्यात बारीक स्पीकर असतो आणि तो हवेतून कानाकडे आवाज फेकतो. ऑनलाइन स्वस्तातल्या कित्येकांवर 'बोन कंडक्शन' असं बिनधास्त छापलेलं असतं आणि आत निघतो स्पीकर. पळायला तेही वाईट नाहीत, काहींचा आवाज तर जास्त भरीव असतो. पाण्यात मात्र त्यांचा उपयोग नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. हेडफोन घाला, गाणं लावा आणि दोन्ही कानांत बोटं घाला. आवाज वाढला, खालचा खर्ज जाड झाला, तर हाडातून वाजतोय. आवाज मंदावला तर तो स्पीकर आहे, दुकानदार काहीही म्हणो. दुकानदार घालून बघू देत नसेल तर उठून या. ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत संपायच्या आत ही परीक्षा घ्या.

पोहताना कानात इअरप्लग घालायचे तेही याच कारणानं. प्लग घातला की आवाज स्वच्छ आणि भरदार होतो. पाण्यात चांगला हेडफोन आणि साधे सिलिकॉनचे प्लग ही जोडी धरूनच चला. पळताना प्लग अजिबात नकोत, नाहीतर कान मोकळे ठेवणारा हेडफोन घेण्यात अर्थ काय राहिला?

आत किती मावतं, आणि भरायचं कसं

साधा हिशेब: १२८ केबीपीएसची एमपी३ फाइल मिनिटाला साधारण १ एमबी खाते. म्हणजे ४ जीबीत साठेक तास सहज मावतात. ३२ जीबी ऐकायला भारी वाटतं, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

खरी अडचण जागेची नसते, गाण्यांची असते. महिन्याचे पैसे भरून ज्या ॲपवर आपण ऐकतो, त्यात 'डाउनलोड' केलेली गाणी त्या ॲपच्या कुलपात असतात. ती उचलून हेडफोनमध्ये टाकता येत नाहीत. तुमच्याकडे स्वतःच्या एमपी३ फाइल्स हव्यात: विकत घेतलेल्या, जुन्या सीडीवरून काढलेल्या, पॉडकास्टच्या, नाहीतर गावच्या सप्ताहात स्वतः रेकॉर्ड केलेलं कीर्तन. हे नसेल तर हेडफोन घ्यायच्या आधी आठ दिवस ते गोळा करा, मग पैसे काढा.

घरात कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. यातले बरेच हेडफोन त्यांच्या केबलनं जोडले की पेन ड्राइव्हसारखे दिसतात, म्हणजे ओटीजी (फोनला पेन ड्राइव्ह जोडायची छोटी पिन) लावून फोनमधून फाइल टाकता येते. दुकानदाराला समोर करून दाखवायला सांगा, एक गाणं टाकून वाजवून घ्या. स्क्रीन नसल्यामुळे पाण्यात गाणं निवडता येत नाही, फक्त पुढं-मागं. बऱ्याच प्लेअरमध्ये फाइल ज्या क्रमानं कॉपी केली त्याच क्रमानं वाजते, म्हणून सगळ्या एकदम न ओतता हव्या त्या क्रमानं एकेक टाका.

आणि नुसती गाणीच कशाला? फोनवर मेट्रोनोमची, म्हणजे ठरावीक वेगानं ठोके देणाऱ्या ॲपची, टिकटिक रेकॉर्ड करा. मिनिटाला ६० ठोके लावले आणि प्रत्येक ठोक्याला एक हात मारला की दमल्यावरही लय सुटत नाही. पळायला पावलागणिक एक ठोका, मिनिटाला १७० ते १८० च्या आसपास ठेवून बघा, ज्याला जे झेपेल ते. सरांनी दिलेला सेट स्वतःच्या आवाजात बोलून ठेवला तरी चालतं: "दोन लांब्या सावकाश, तीस सेकंद दम, एक लांबी जोरात." माझ्या मते पाण्यातल्या हेडफोनचा सगळ्यात चांगला उपयोग हाच, गाणी त्याच्यानंतर.

आता तो वॉटरप्रूफचा प्रश्न

'वॉटरप्रूफ' या छापील शब्दाला माझ्या टेबलावर किंमत नाही. आयपी म्हणजे वस्तू धूळ-पाणी किती सोसते याची खूण, तिच्या पुढचे दोन आकडे वाचा. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिल्याच्या जागी एक्स असेल तर त्याचा अर्थ धुळीची परीक्षाच घेतलेली नाही.

आयपी ५५ म्हणजे घाम आणि पाऊस चालेल, बुडवायचं नाही. आयपी ६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. इथंच लोक फसतात. शॉक्झ कंपनीचा ओपनरन आयपी ६७ आहे आणि तो पोहण्यासाठी नाही असं कंपनी स्वतःच सांगते. कारण परीक्षा होते ती स्थिर, गोड्या पाण्यात. तिथं कुणी हात मारत नाही, भिंतीला लाथ मारून वळत नाही, पाण्यात क्लोरीनही नसतं. पोहायला आयपी ६८ किंवा आयपीएक्स८ पाहिजे. त्यातही ८ या आकड्याची खोली आणि वेळ कंपनी ठरवते, म्हणून 'किती मीटर, किती वेळ' हे माहितीपत्रकात शोधा. तेवढी एक ओळ ज्या कंपनीनं लिहिलेली नाही, तिचा ८ मी धरत नाही.

उदाहरणाला शॉक्झचाच ओपनस्विम प्रो घ्या: आयपी ६८, ३२ जीबी, ब्लूटूथ आणि एमपी३ दोन्ही, बॅटरी ब्लूटूथवर ९ तास आणि एमपी३वर ६ तास. जुन्या ओपनस्विममध्ये ४ जीबी आहेत पण ब्लूटूथ नाही, म्हणजे पळतानाही त्यात भरलेलंच ऐकायचं आणि फोन आला तर उचलता येणार नाही. ही नावं मी आकडे कसे वाचायचे हे दाखवायला घेतली. हाच घ्या असं म्हणत नाही.

डोक्यावर बसतो का

हा भाग बायकांनी जास्त नीट वाचावा, कारण माहितीपत्रकातल्या फोटोत केस बारीक कापलेला गडीच असतो.

पट्टी मानेमागून जाते. जाड वेणी किंवा खाली बांधलेला अंबाडा असेल तर पट्टी त्यावर टेकते, मान वर केली की पुढं सरकते आणि गोट्या गालावरून हलतात. अंबाडा उंच बांधा, किंवा वेणी पट्टीच्या बाहेर काढा. लहान डोक्याला मोठी पट्टी मागं लोंबते. काही मॉडेल 'मिनी' मापात मिळतात, ते दुकानदाराकडे मागून घालून बघा. दुकानात घालून मान वर, खाली, डावी, उजवी करा, जागेवर उड्या मारा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. कानातल्या कुड्या आणि टॉप्स चालतात, झुमके गोटीवर आपटतात, आणि वेल घालून तर पळूच नका. चष्मा असेल तर त्याची काडी आणि हेडफोनचा हुक कानावर एकाच जागी भांडतात. चष्मा घालूनच ट्रायल घ्या.

पाण्यात टोपी, गॉगल आणि हेडफोन अशी तिघांची जमवाजमव करावी लागते. गोटी कातडीला टेकली पाहिजे, मध्ये टोपीचं रबर नको. मी आधी गॉगल लावते, मग हेडफोन, आणि शेवटी टोपी अशी ओढते की मागची पट्टी आत दबते आणि गोट्या टोपीच्या कडेबाहेर राहतात. टोपीशिवाय भिंतीवरून ढकलून निघालं की पाण्याच्या जोरानं पट्टी उचलली जाते. बटणं ओल्या बोटांनी चाचपडून सापडतात का तेही बघा. टच असेल तर पाण्याचे थेंबच गाणी बदलत बसतात.

आवाज फार वाढवला की गालाला गुदगुल्या होतात, हलगी वाजायला लागली की जास्तच. आवाज कमी करायची वेळ झाली असं समजा. भोक मोकळं आहे म्हणजे कान सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. आवाज पोचतो त्याच आतल्या कानात आणि मोठ्या आवाजानं तो तसाच खराब होतो. कानाचा पडदा फाटलेला असेल, कान वाहत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांना विचारा, पोहण्याबद्दलही.

रस्ता आणि विहीर

पळताना याचा खरा फायदा मागून येणारी गाडी ऐकू येण्याचा. हिवाळ्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेच निघतात, मागचा लाल दिवा असला तर असतो. बीड बायपाससारख्या रस्त्यावर वाहनांच्या आवाजात गाणं नीट ऐकू येत नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. ऐकू येऊच नये. तिथं आवाज वाढवण्यापेक्षा बंद करा. गोगाबाबा टेकडीकडे किंवा छावणीतल्या शांत रस्त्यांवर अर्ध्या आवाजात छान भागतं, कुत्रं गुरगुरलं तरी वेळेत कळतं.

पोलीस भरतीची लेकरं विचारतात म्हणून सांगते: मैदानी चाचणीत हे चालणार नाही. ट्रायथलॉनच्या स्पर्धांतही हेडफोनला बंदी असते. म्हणून आठवड्यातले काही दिवस बिनगाण्याचे ठेवा, नाहीतर ऐन दिवशी पाय जड होतात. तलावावरही आधी जीवरक्षकाला विचारून घ्या.

गावाकडच्या विहिरीत आणि जायकवाडी धरणाच्या नाथसागरात हेडफोन नको. तिथं काठावरून मारलेली हाक ऐकू येणं हीच एकमेव सोय असते. शिवाय वस्तू सुटली की तळाला, मग बादली काढायचा गळ टाकून बसा.

किती पैसे घालायचे

उन्हाळ्याचे दोन-तीन महिनेच पोहत असाल आणि वर्षभर पळत असाल, तर माझं स्पष्ट मत असं की पळण्याचा चांगला आयपी ५५ वाला घ्या आणि पोहताना बिनगाण्याचे पोहा. वर्षभर आठवड्यातून तीन-चार दिवस पाण्यात असाल तरच दोन्ही मोडवाला परवडतो. दोन-अडीच हजारांत 'बोन कंडक्शन, ३२ जीबी, आयपी ६८' असं सगळं एकदम मिळत असेल, तर बोटांची परीक्षा घेतल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

बिल पक्कं घ्या आणि वॉरंटीत पाण्याचं नुकसान धरलंय का ते वाचा. पोहण्याच्या हेडफोनची वॉरंटी पाण्यालाच वगळत असेल तर तो ठेवून द्या. चार्जिंगची केबलही बघा. चुंबकानं चिकटणारी खास केबल हरवली तर आमच्या बाजारात तिचा जोड मिळेलच असं नाही, जादा केबल कुठून मिळते हे घेतानाच विचारा. टाइप-सी सोयीचं, पण त्याच्या तोंडावरचं रबरी झाकण ढिलं झालं की पाणी आत गेलंच समजा.

माझ्याकडे येणारे बहुतेक हेडफोन पाण्यात मेलेले नसतात, पाण्यानंतर मेलेले असतात. घामाचं मीठ किंवा क्लोरीन तसंच ठेवून, ओल्या पिनांना चार्जर लावला की पिना हिरव्या पडतात. पोहून आल्यावर तांब्याभर गोडं पाणी ओता. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या आपल्या शहरात बोअरच्या पाण्यानं धुवायचा मोह होतो, पण त्यातले क्षार पिनांवर पांढरे बसतात, म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा. मऊ फडक्यानं पुसून तासभर सावलीत ठेवा. हेअर ड्रायर नको, ऊन नको, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको, बॅटरी फुगते. पूर्ण सुकल्यावरच चार्जिंग.

आणि बिघडला तर उघडायला आणू नका. हे चिकटवून बंद केलेले असतात. मी उघडून चालू करून देईनही, पण परत तसा सील होणार नाही. मग तो फक्त पळायला वापरायचा.