मांजराला ताटातलं देताय? या चुका टाळा

आमच्याकडे रविवारी कोंबडीचं कालवण असतं. कुकरची शिट्टी झाली की आमची चिंगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसते आणि सासूबाईंकडे टक लावून बघत राहते. सासूबाई रस्स्यातले दोन तुकडे काढायच्या, नळाखाली खळखळून धुवायच्या आणि तिच्या वाटीत टाकायच्या. "अगं, तिखट सगळं धुवून काढलंय," असं मला सांगायच्याही. मलाही ते पटायचं.

मग एकदा पावसाळ्यात आठवडाभर पाहुणे होते. घरात रोज कालवण, रोज चिंगीच्या वाटीत दोन-चार तुकडे. पाहुणे गेल्यावर तिसऱ्या दिवशी चिंगीने खिडकीवर उडी मारणं सोडलं. कोपऱ्यात पडून राहायची, श्वास भराभर चालायचा. उजेडात नेऊन तिचा वरचा ओठ उचलला, तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पिठासारख्या पांढुरक्या दिसल्या. तिच्या मातीच्या ट्रेमध्ये लघवीचा डाग कोऱ्या चहासारखा होता. डॉक्टरांनी रक्त काढायच्या आधीच विचारलं, "कांदा-लसणाचं काही देता का हिला?"

चिंगी वाचली, पण रक्त भरून यायला काही आठवडे गेले.

तुकडा धुतला म्हणजे झालं, ही पहिली चूक. कांदा, लसूण, पातीचा कांदा ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशींमधलं हिमोग्लोबिन बिघडतं आणि पेशी फुटू लागतात. मांजराचं हिमोग्लोबिन या बाबतीत कुत्र्यापेक्षाही नाजूक. वजनाच्या दर किलोमागे ५ ग्रॅम कांदासुद्धा मांजराला बाधू शकतो. ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा पाव भाग. लसूण त्याहून जहाल. शिजवून, तळून, वाटून, वाळवून हा गुण जात नाही. तुकडा रस्स्यात मुरलेला असतो, तो वरून धुतला तरी आत शिरलेलं वाटण तसंच राहतं. थोडं थोडं रोज दिलं तरी नुकसान साठत जातं. आणि त्रास लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतो. म्हणून "काल खाल्लं, काही झालं नाही" या हिशेबावर विसंबू नका.

आपल्या घरात कांदा-लसूण कुठे कुठे असतो ते एकदा डोळ्यांखालून घाला: कांदा-लसूण मसाला, लसणाची चटणी, भाजलेल्या वाटणाचं कालवण, हॉटेलची बिर्याणी, तंदुरी, झटपट नूडल्सच्या मसाल्याची पुडी. यातलं काहीच मांजरासाठी नाही.

यावर आम्ही काढलेला उपाय साधा आहे: तिचा वाटा फोडणीच्या आधी काढायचा. मटण-चिकन धुतलं की बिनहाडाचे दोन-तीन सुपारीएवढे तुकडे वेगळ्या भांड्यात नुसत्या पाण्यात उकडायचे. मीठ नाही, हळद नाही, आलं-लसूण तर नाहीच. आणि ते पाणी फेकायचं नाही, तुकड्यांवर ओतून द्यायचं, कारण शिजताना मांसातलं टॉरीन नावाचं पोषकद्रव्य पाण्यात उतरतं.

टॉरीनबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण दूधपोळीची चूक तिथूनच समजते.

मांजर डोळे मिटून दूध पितं, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे मांजर म्हटलं की दूध, दूधभात, दूधपोळी हे इतकं डोक्यात बसलंय की कितीतरी घरांत मांजर आयुष्यभर त्यावरच असतं. पण पिल्लूपण सरलं की बहुतेक मांजरांची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते. मग पातळ शी, पोटात गुडगुड, उग्र वास. पुष्कळ लोक त्याला "पोट बिघडलंय" म्हणून औषध आणतात आणि दूध चालूच ठेवतात. आठवडाभर दूध पूर्ण बंद करून बघा, उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं. आणि शी पातळ होत नसेल, तरी दूधपोळी म्हणजे जेवण नव्हे. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, ते मांस-मासळीतूनच यावं लागतं. दुधात ते फार कमी, पोळी-भातात नाहीच. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजून मांजर आंधळं होतं आणि हृदय फुगून अशक्त होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी दाखवून दिला, त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरीन वाढवलं गेलं. गाजरातून 'अ' जीवनसत्त्व घेणंही मांजराला जमत नाही, ते तयारच मिळावं लागतं.

शाकाहारी घरांना हे जड जातं, मी समजू शकते. माझं माहेर तसंच. तिथे अंडंही घरात येत नाही, आणि तरी दारची मनी आईला लेकीसारखी. आता आई मांजरांचं तयार खाद्य आणते, गॅलरीत वेगळी ताटली ठेवते. पाकिटावर ते मांजरांसाठीच असल्याचं आणि संपूर्ण, समतोल आहार असल्याचं लिहिलंय ना, तेवढं बघते. स्वस्त पडतं म्हणून कुत्र्याचं खाद्य रोज देऊ नका, त्यात मांजराच्या गरजेइतकं टॉरीन असेलच असं नाही.

इवल्या पिल्लाला गाईचं दूध पाजणं तर जिवावर बेतू शकतं. जुलाब लागले की पिल्लू काही तासांत सुकतं. पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते, ती आणा. आधी पिल्लाला ऊब द्या, गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आणि बाळासारखं उताणं धरून पाजू नका, दूध फुप्फुसात जातं. पोटावर पालथं, मान किंचित वर, असं पाजा.

आता मासळी. आम्ही अलिबागकडचे, त्यामुळे मांजराला मासा नको असं मी म्हणूच शकत नाही. पण कच्ची मासळी रोज नको. काही माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. मांजर तेवढ्यावरच राहिलं तर मान खाली वाकते, तोल जातो, झटके येतात. उकडल्यावर ते द्रव्य निकामी होतं. उकडलेला मासा काटे काढून आठवड्यातून एक-दोनदा पुरे. सुकट, सुके बोंबील खारवलेले असतात, ते देऊ नका. शिजलेली कोंबडीची हाडंही नकोत, त्यांच्या टोकदार काचा होतात आणि घशात, आतड्यात रुततात. कलेजी मांजराला फार आवडते, पण रोज दिली तर 'अ' जीवनसत्त्व अती होऊन मणके जखडतात. तिचा एखादा छोटा तुकडा, तोही कधीतरी. अंडं उकडूनच.

चहा, कॉफी, चॉकलेट, द्राक्षं, मनुका, दारू: थेंबही नको. आणि ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल कधीही नाही. एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

किती द्यायचं, यातही घोटाळा होतो. घरात राहणाऱ्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. वरचा खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत हवा, म्हणजे २०-२५ कॅलरी. एका अख्ख्या उकडलेल्या अंड्यात सत्तरेक कॅलरी असतात. आपल्याला जे "एवढंसं" वाटतं, ते मांजराच्या दिवसभराच्या जेवणाचा तिसरा हिस्सा होतं. घरात चार माणसं असतील तर चौघेही एकेक घास देतात आणि कोणीच मोजत नाही. आम्ही फ्रिजवर एक छोटी डबी ठेवली आहे. सकाळी चिंगीचा दिवसाचा खाऊ त्यात काढतो, ती रिकामी झाली की विषय संपला. सासूबाईंना हे फार आवडलं, कारण त्यांना हाताने भरवता येतं.

ताटाची सवय लागलेलं मांजर तयार खाद्याला तोंड लावत नसेल, तर "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवू नका. ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते. विशेषतः जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृतच बंद पडू लागतं. खाद्य बदलायला सात ते दहा दिवस घ्या. जुन्या अन्नात चमचाभर नवं मिसळा, दर दोन दिवसांनी प्रमाण वाढवा. ओलं खाद्य जरा कोमट करा. मांजर आधी वासाने जेवतं, फ्रिजमधल्या थंडगार खाद्याला वासच नसतो.

आणि नको ते खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका, दूधही पाजू नका. काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता, हे लिहून घ्या, मसाल्याचं पाकीट असेल तर सोबत घ्या आणि डॉक्टरांना फोन लावा. हिरड्या फिक्या, लघवी लालसर-काळपट किंवा तोंड उघडं टाकून श्वास चालू असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता निघा.