रेशीम अळ्या मोल्टला (कात टाकायला) बसल्या की काय करायचं

अळ्यांनी तुतीचा पाला खाणं सोडलं, मान वर करून गप्प बसल्यात, आजारी पडल्या की काय असं वाटून नवीन माणूस वरून अजून पाला टाकतो. नका टाकू. त्या कात टाकायच्या तयारीत असतात, कोषावर जाईपर्यंत असं चारदा होतं.

आत काय चालतं ते कळलं की हात आपोआप थांबतो. अळी पुरेशी वाढली की मेंदूतून एक हार्मोन सुटतं, ते छातीतल्या ग्रंथीला उठवतं, ती ग्रंथी एक्डायसोन हे दुसरं हार्मोन सोडते आणि मग जुन्या कातडीखाली नवी कातडी तयार व्हायला लागते. हे एक्डायसोन पहिल्यांदा शुद्ध मिळालं ते रेशीमकिड्यातूनच, १९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी ५०० किलो प्युपांतून (कोषातल्या किड्यांतून) जेमतेम २५ मिलिग्रॅम काढलं, एवढ्या कणभर गोष्टीवर अख्खी बॅच चालते!

ओळखायचं कसं? अंग चकचकीत, ताणलेलं दिसतं आणि डोक्यामागे काळसर त्रिकोण दिसतो, ते आत तयार झालेलं नवं डोकं. बहुतेक अळ्या अशा दिसल्या की पाला बंद, बेड (अळ्या नि पाल्याचा थर) पातळ पसरू द्या, वरून चुन्याची भुकटी हलकी धुरळा म्हणजे बेड कोरडा राहतो. हवा खेळती ठेवा पण अळ्यांना हात लावू नका, कारण अळीने रेशमाच्या बारीक धाग्याने पाय बेडला चिकटवलेले असतात, त्या आधारावर ती जुन्या कातीतून पुढे सरकते, आधार तुटला की कात अंगावरच अडकते.

साधारण एक दिवस लागतो, चौथ्या मोल्टला थोडा जास्त. ९५ टक्के अळ्या बाहेर आल्याशिवाय पाला देऊ नका, आधी उठलेल्या थोडा वेळ उपाशी राहिल्या तरी चालतं पण त्यांना आधी खायला दिलं तर बॅच लहान-मोठी होते आणि पुढे कोषही एकदम येत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्युव्हेनाइल हार्मोन अंगात असेपर्यंत कात टाकूनही अळी अळीच राहते, पाचव्या अवस्थेत (चौथ्या मोल्टनंतर) ते उतरलं की मगच ती कोष करते. कपाशीवर पांढऱ्या माशीसाठी मारतात ते पायरीप्रॉक्सिफेन याच हार्मोनची नक्कल करतं, त्याचा फवारा तुतीवर उडाला तर अळ्या नुसत्या खात राहतात, कोष करतच नाहीत. म्हणून बांधाला कपाशी असेल तर शेजाऱ्याला फवारणीच्या आधीच विचारून ठेवा, कुठलं औषध आणि कधी.